आवडीची खिंड

वाळूत अर्धी गाडली गेलेली वेल दिसली, म्हणून मी तिला सोडवायला बसले. वय सेहेचाळीस, घरच्या कुंडीत आजवर पुदिनासुद्धा धड जगवलेला नाही, आणि वाकणवेळच्या किनाऱ्यावर भर उन्हात गुडघे टेकून मी दोन्ही हातांनी वाळू उपसत होते. हातभर वेल मोकळी केली, पानं ओढणीने पुसली, बाटलीत उरलेलं पाणी मुळाशी ओतलं. फार पुण्य केल्यासारखं वाटलं. मैत्रिणीने माझा फोटोही काढला.

मागून आवाज आला, "बाई, तिना तुमचा काय वायट केल्यान?"

पुंडलिक आबा मेथर उभे होते. आम्ही त्यांच्याच घरी उतरलो होतो. ऐंशीच्या घरातला माणूस, अंगाने सुकट बोंबलासारखा, आणि चेहऱ्यावर हसू आहे की नाही ते कळू न देणारा. त्यांनी मी उपसलेली सगळी वाळू पायाने परत वेलीवर लोटली, शेंड्याची दोन पानं तेवढी उघडी ठेवली आणि म्हणाले, "चला. घावने थंड होतत."

घावणे खाताना पडवीत त्यांनी जे सांगितलं ते हे. आबांची बायको, आजी, शेजारीच सुंगटं, म्हणजे कोलंबी, सोलत बसल्या होत्या आणि मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते, त्यामुळे त्यांना पाठच असणार.

वाकणवेळ गाव आणि समुद्र यांच्यामध्ये दोन पुरुष उंचीची वाळूची लांबच लांब टेकाडं आहेत. गावातून समुद्रावर जायची वाट या टेकाडांवरून तीन वळणं घेत जाते. नवख्या माणसाला वाटतं, ठेकेदाराने लांबी वाढवून पैसे खाल्ले. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी सरळ रस्ता मागतं. ग्रामसभेत सगळे ते शांतपणे ऐकून घेतात, चहा पितात आणि घरी जातात. टेकाडांच्या बरोबर मधल्या भागाला आवडीची खिंड म्हणतात. तिथे खिंड वगैरे काही नाही. उलट तिथेच वाळू सगळ्यांत उंच आहे आणि मर्यादवेल, म्हणजे मी सोडवायला बसले होते तीच वेल, सगळ्यांत दाट.

गोष्ट कधीची ते आबांना ठाऊक नाही. त्यांच्या आजीला तिच्या आजीने सांगितलेली. गावात तेव्हा अठ्ठावीस घरं होती म्हणे, आणि गोड पाण्याची विहीर एकच. टेकाडांच्या आतल्या अंगाला, कंबरभर उंचीचा दगडी कठडा असलेली. वाट तेव्हाही तीन वळणांचीच होती.

आवडी ही विश्राम तांडेलाची सून. तांडेल म्हणजे होडीचा आणि रापणीचा मुख्य माणूस. किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं ते भलंमोठं जाळं म्हणजे रापण, आणि ती ओढायला गावातले वीस-बावीस पुरुष लागत. आवडीचं माहेर लांब डोंगराच्या पायथ्याला, तांबड्या मातीतलं. पाय ठेवला की जमीन जागच्या जागी राहते, अशा गावात ती वाढलेली. इथे आली तर दोन पावलं पुढे टाकली की एक मागे. दुपारी सासरा आणि नवरा रापणीवर असत. त्यांच्यासाठी पेजेची कळशी आणि भाजलेला सुका बांगडा घेऊन ती निघायची. तीन वळणं चढून-उतरून पोचेपर्यंत पेज निवलेली असायची आणि अर्धी तिच्या लुगड्यावर सांडलेली असायची.

एकदा ती सासऱ्याला म्हणाली, "मामांनु, ही वाट कोणी दारू पियान काढल्यानी काय?"

विश्राम तांडेलाला मुलगी नव्हती. सून बोलली की त्याला कौतुक वाटे. तो खो खो हसला. हसून झाल्यावर त्याच्या डोक्यात आलं, की वाट सरळ झाली तर होडी ओढायलाही किती सोपं जाईल. रापणीची सगळी माणसं त्याच्या शब्दातली. चार दिवसांत त्यांनी फावड्यांनी टेकाड मधोमध कापून विहिरीपासून थेट समुद्रापर्यंत खिंड पाडली. निघालेली मर्यादवेल ढिगांनी पडली होती. ती जाळायलाही धड नव्हती, नुसता धूर.

पहिल्या दिवशी होडी निम्म्या वेळात पाण्यात गेली. आवडीची पेज वाफाळती पोचली. बायाबापड्या येताजाता तिला म्हणायच्या, की तांडेलाची सून फार हुशार. ते दोन महिने तिच्या फार सुखाचे गेले, असं सांगतात.

मग वारा फिरला, आणि सरळ वाट वाऱ्यालाही आवडली. आधी टेकाडावर आपटून वर जाणारा वारा खिंडीतून सरळ आत येऊ लागला आणि येताना वाळू आणू लागला. आधी ती उंबऱ्यावर दिसली. मग चुलीत, पेजेत, पाळण्यातल्या पोरांच्या कानात. चैत्र संपेपर्यंत विहिरीचा कंबरेएवढा कठडा गुडघ्याएवढा उरला. पोहरा वर यायचा तो निम्मा पाण्याने आणि निम्मा वाळूने भरून.

ग्रामदेवी सातेरीच्या देवळात गाव जमलं. गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, कमी बोलणारा माणूस होता. त्याने निकाल दिला. पुढच्या शिमग्याला आपण विहीर बघू. कठडा वाळूखाली गेला असेल तर गाव उठवायचं आणि वर सड्यावर जायचं. सडा म्हणजे वरचं खडकाळ पठार, तिथे आठ महिने पाण्याचा थेंब नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गाव उठलं तर तांडेलाची सून तिच्या बापाकडे परत पाठवायची.

विश्राम तांडेल उठून उभा राहिला. "वाट मी काढलंय. तेचा काय करूचा ता माका करा."

"तू काढलंस," गावकर म्हणाला. "आणि वाट मागली कोणी?"

तांडेल खाली बसला.

आवडी देवळाबाहेर बायकांमध्ये उभी होती. तिने सगळं ऐकलं. बायका तिच्यापासून जरा जरा सरकल्या तेही तिने पाहिलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा, भिवा, देवळात सासऱ्याच्या मागे बसला होता. तो सहसा बोलत नसेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सातेरीला नवस बोलला. खिंडीतून येणारी वाळू थांबेपर्यंत या विहिरीचं पाणी तोंडाला लावणार नाही. माझ्या वाट्याच्या दोन कळशा वेलीला घालीन.

आषाढात दोन्ही बाजूंच्या टेकाडांवरून वेलीचे तुकडे तोडून तिने खिंडीत आडवे लावले. सासऱ्याने त्याच दिवसापासून होडी पुन्हा तीन वळणांनी न्यायला सुरुवात केली. रापणीची माणसं कुरकुरली, तर म्हणे तो नुसता त्यांच्याकडे बघायचा.

आता आवडीला शेतीभाती येत होती. तांबड्या मातीत रोप कसं वाढवायचं ते तिला नीट माहीत होतं. वाढवायचं म्हणजे पाणी द्यायचं, वर काही पडलं तर झटकायचं, मूळ मोकळं ठेवायचं. ती तेच करायला लागली. सकाळ-संध्याकाळ माडाच्या हिरांची केरसुणी घेऊन खिंडीत जायची आणि एकेका पानावरची वाळू झाडायची. पाऊस असला तरी नवसाचं म्हणून दोन कळशा गोडं पाणी घालायची. आणि स्वतः खाडीच्या काठी डबरं खणून त्यातलं मचूळ पाणी प्यायची. गरोदर बाई, आणि मचूळ पाणी.

सासू म्हणायची, "वेलीक रोज न्हाव घालतंस गो. माका एकदा तरी पाणी तापवन दिलंस?"

आवडी तोवर केरसुणी घेऊन बाहेर पडलेली असायची. तिचं लक्ष वेलीकडे. आणि वेल काही धड होईना. सुतळीसारखी बारीक, पिवळट. मुळं वरच्या वरच पसरलेली, कारण पाणी वरूनच मिळत होतं. पाऊस ओसरल्यावर तर एक दिवस पाणी चुकलं की माना टाकायची. शेजारच्या टेकाडांवर तीच वेल, जिला कुणी बघत नव्हतं, बोटाएवढी जाड होऊन धावत होती. आवडीला वाटायचं, आपलीच सेवा कमी पडते. मग ती दुपारीही झाडायला जाऊ लागली.

दसरा गेला, दिवाळी गेली, वारा सुरू झाला. विहिरीचा कठडा वीतभर उरला. मार्गशीर्षात आवडीला मुलगी झाली.

आता बारा दिवस उंबरठा ओलांडायचा नाही. सोयर. तिने बाजेवरूनच भिवाच्या हातात केरसुणी दिली आणि सांगितलं, "सकाळी आणि तिन्हीसांजेक. पानार रेंव ऱ्हवता नये. आणि दोन कळशे पाणी." रेंव म्हणजे वाळू.

भिवा माणूस वाईट नव्हता, पण पाण्याबाहेरचं कुठलंही काम त्याला आपलं वाटत नसे. पहिल्या दिवशी तो गेला. खिंडीत वारा असा, की डोळे उघडेनात. केरसुणी मांडीवर घेऊन तो थोडा वेळ बसला. समोर समुद्रावर बांगडा लागलेला दिसत होता, पाणी नुसतं काळं झालेलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून एका कळशीतलं तो स्वतः पोटभर प्यायला, दुसरीने पाय धुतले आणि रापणीवर गेला.

संध्याकाळी आवडीने विचारलं, "झाडलंस?"

"झाडलंय."

दुसऱ्या दिवशीही झाडलंय. तिसऱ्या दिवसापासून तो केरसुणी अंगणातल्या वाळूत बुडवून आणायचा, म्हणजे वापरलेली दिसावी. पाचव्या दिवसापासून तर वारा दारं ठोठावू लागला. आवडी बाळाला पोटाशी धरून ऐकत राही आणि विचारी, आणि उत्तर तेच. या बारा दिवसांत सासू तिला भाताची पेज करून घाली. पेजेतलं पाणी कुठलं हे आवडीने विचारलं नाही आणि सासूने सांगितलं नाही. देवीनेही पेज म्हणजे पाणी नव्हे असंच धरलं असावं, असं आबांचं मत आहे.

तेराव्या दिवशी सकाळी मुलीला सासूच्या मांडीवर देऊन आवडी खिंडीत गेली. खिंडीत वेल नव्हती. एक पान नव्हतं. सगळीकडे वाळू, चादर ताणून घातल्यासारखी गुळगुळीत.

ती तिथेच बसली. भिवा मागोमाग आला होता.

"खंय झाडलंस?" तिने विचारलं.

"हंयच," भिवा म्हणाला, आणि समुद्राकडे बघू लागला.

आवडीच्या डोळ्यांसमोर बापाचं घर आलं आणि बारा दिवसांच्या मुलीला घेऊन त्या घराच्या दारात उभी राहिलेली ती स्वतः. उठण्यासाठी तिने हात वाळूत टेकला, तर तळव्याला काहीतरी गार लागलं. तिने बोटांनी चाचपलं. वाळूतून नुकतं डोकं काढलेलं एक पान होतं. हात जोडावेत तसं मधून दुमडलेलं, तांबूस, तुपाचा हात फिरवल्यासारखं चकचकीत. वितीवर आणखी एक. पलीकडे आणखी तीन.

ती हाताने उकरू लागली. तिने लावलेली सुतळी कुठेच सापडेना. पानाखाली सरळ वर चढत आलेला अंगठ्याएवढा जाड दांडा होता. कोपरापर्यंत हात गेला तरी तो खाली होताच. आणि त्याच्या पेरापेराला, जिथे जिथे वाळूने त्याला गाडलं होतं तिथे तिथे, पांढरी मुळं फुटलेली. वरची वाळू कोरडीठाक होती. खालची, त्या मुळांभोवतीची, थंडगार आणि ओलसर होती. वरून येणारं पाणी बंद झाल्यावर वेलीने खाली जाऊन आपलं आपण शोधलं होतं. वाळू जेवढी चढली, तेवढी ती वर आली होती आणि येताना तेवढी वाळू धरून ठेवली होती.

पाच महिने आवडी तिला जगवत होती ती मरत होती, आणि बारा दिवस कुणी जगवलं नाही तर उभी राहिली.

मग आवडीने जे केलं ते सगळ्यांत अवघड होतं, असं आबा म्हणाले. तिने उकरलेली वाळू परत लोटली. पानंसुद्धा झाकली जातील इतकी. हात मागे येत होते, पण लोटली. घरी आली, केरसुणी चुलीमागे टाकली आणि कळशा पालथ्या घातल्या. भिवाला वाटलं, आता आपल्याला बोलणी बसणार. ती बसली नाहीत. त्यामुळे तो चार दिवस फारच घाबरून होता म्हणे.

पौष, माघ, फाल्गुन. वारा वाळू आणायचा आणि वेल गाडायचा. आवडी घरात हात बांधून बसायची. आठवड्याने जाऊन बघावं तर वेल पुन्हा वर, आणि खिंड वीतभर उथळ झालेली. नवे तुकडे लावायचे तेव्हा ती तीन पेरं वाळूखाली आणि फक्त शेंडा वर, असं लावायची आणि मागे न बघता घरी यायची. वेलीने वाळू धरली तशा रावणाच्या मिशा गडगडत आल्या. हे वाळूतलं काटेरी गवत. त्याच्या बियांचे गोल झुपके वाऱ्यावर पळत सुटतात आणि अडतील तिथे रुजतात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या वेलीत अडकल्या आणि राहिल्या.

शिमग्याला गावकर काठी टेकत विहिरीवर आला. मागे सगळं गाव. कठडा वाळूच्या वर चार बोटं उरला होता. गावकराने वाकून ती चार बोटं स्वतःच्या हाताने मोजली. मग खिंडीकडे बघितलं. खिंड छातीएवढी भरून आली होती, वरून हिरवीगार, आणि सकाळची वेळ असल्याने जांभळ्या फुलांनी भरलेली. वारा होता, पण विहिरीवर वाळूचा कण येत नव्हता.

देवळात बसल्यावर त्याने विचारलं, "वेल कोणी राखली?"

सगळ्यांनी आवडीकडे पाहिलं. ती मुलीला घेऊन दारात उभी होती. हो म्हणाली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. ती म्हणाली, "मी राखी होतंय तवसर ती मरा होती."

"मगे कोणी?"

आवडीने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

गावकर भिवाकडे वळला. "काय केलंस रे तू?"

भिवा सातेरीसमोर उभा होता. घरात खोटं बोलणं वेगळं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "मी काय्येक करूक नाय."

"बारा दिवस?"

"बारा दिवस."

"एकदाय नाय?"

"एकदा गेल्लंय. बसान इलंय."

देऊळ हसलं. विश्राम तांडेलाने कपाळाला हात लावला. गावकर मात्र हसला नाही. तो म्हणाला, म्हणजे या वेलीला दोघं लागतात. एक लावणारं आणि एक काही न करणारं. दोघांतलं एक जरी नसतं तरी आज आपण सड्यावर चाललो असतो. तेव्हा सून कुठे जाणार नाही, गाव कुठे जाणार नाही, आणि वाट वळणाचीच राहील. सासूने विहिरीवरून कळशी भरून आणली आणि आवडी देवळाच्या पायरीवर बसून, ओंजळीने, पोटभर पाणी प्यायली.

आजही वाकणवेळला लग्न होऊन आलेली प्रत्येक सून पहिल्या आषाढात आवडीच्या खिंडीवर जाते आणि वेलीचा एक तुकडा लावते. तीन पेरं खाली, शेंडा वर. त्या वेळी तिच्या नवऱ्याने सातेरीसमोर हात मागे बांधून तीनदा म्हणायचं असतं, "मी काय्येक करूचंय नाय." पुढचे बारा दिवस त्याने टेकाडावर पाऊल टाकायचं नाही, पाणी घालायचं नाही, वाळू झाडायची नाही. मोडलं तर टोपलीभर बांगडे दंड. तीन वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने प्रेमापोटी बायकोच्या वेलीला ठिबकची नळी लावली. बांगडे महाग होते त्या वर्षी, तरी सोडलं नाही.

विहिरीचा कठडा आज किती वर आहे ते आबा आम्हाला दाखवायला घेऊन गेले नाहीत. म्हणाले, जाताना दिसेलच. ते विडी ओढायला अंगणात गेले, तेव्हा मी आजींच्या जवळ सरकले आणि अगदी बायकाबायकांत बोलावं तसं विचारलं, "आजी, तुमच्या लग्नात आबांनी पण म्हटलं असेल ना देवळात? पाळलं का त्यांनी?"

आजींनी हातातलं सुंगट सोलून टोपात टाकलं.

"वेलीपुरतांच सांगलेलां," त्या म्हणाल्या. "ह्येनी घराक पण लावन घेतल्यानी."